कांद्याची बाजू मांडताना

कांदा उत्पादकांच्या एका संघटनेत मी कागदाचं काम करते. निवेदनं लिहायची, शेतकऱ्यांकडून खर्चाचे तक्ते भरून घ्यायचे, मंत्र्यांचा दौरा लागला की मागण्यांचं पान तयार ठेवायचं, रास्ता रोको असेल तर पोलीस ठाण्यात आधी पत्र द्यायचं. निफाड तालुक्यातल्या शेतकरी घरातली मी. बी.कॉम. झाल्यावर एका कार्यकर्त्यांनी विचारलं, "ताई, तुम्हाला मराठी टायपिंग येतं ना?" तेव्हापासून हे काम हातात आहे. भाषणं करणारे वेगळे, रस्त्यावर ट्रॅक्टर आडवे लावणारे वेगळे. माझ्या वाट्याला या सगळ्याची कागदी बाजू आली, आणि सरकारचं धोरण कुणाच्या रेट्यानं हलतं हे मला त्या बाजूनंच दिसत गेलं.

जिथं नुकसान जास्त तिथं संघटना मजबूत, असं लांबून वाटतं. माझा अनुभव तसा नाही. भाव पडला की आमच्या कार्यालयात बसायला जागा उरत नाही, फोन रात्री उशिरापर्यंत वाजत राहतात. भाव चढला की तीच माणसं दिसेनाशी होतात, कारण ती लासलगाव, विंचूर, पिंपळगाव बसवंतला ट्रॉली लावून रांगेत असतात. त्यांचं चुकतं असं मी कधीच म्हणणार नाही. साठवणीच्या चाळीतला कांदा रोज घटतो, काही सडतो, काहीला कोंब येतात. भाव आहे त्या आठवड्यात माल काढला नाही तर वर्षाचं गणित बिघडतं. पण याचा परिणाम असा की संघटनेला माणसं मिळतात ती खिशात पैसा नसताना, आणि पैसा असतो तेव्हा माणसं नसतात. अशा चढउतारात कायमचं कार्यालय चालवणं, एक हिशेबनीस ठेवणं, दिल्लीला वर्षातून चार वेळा माणूस पाठवणं फार अवघड होऊन बसतं.

शिवाय 'कांदा उत्पादक' हा एक माणूस नाही. पावसाळी लाल कांदा घेणारा येवला-चांदवडकडचा शेतकरी माल काढला की लगेच विकतो, कारण तो कांदा टिकत नाही. कळवण, सटाणा, देवळ्याकडचा उन्हाळ कांदावाला मार्च ते मे काढणी करून माल चाळीत भरतो आणि दिवाळीपर्यंत भावाची वाट पाहतो. मधे रांगड्याचा हंगाम. ऑगस्टमध्ये सरकारनं निर्यात अडवली तर चाळवाला मरतो, डिसेंबरात अडवली तर लालवाला. ज्याला झळ लागलेली नसते तो मनापासून हळहळतो, पण मोर्चाला येत नाही. मी एका निवेदनात दोघांच्या मागण्या घालायला बसते तेव्हा कळतं, की 'आम्ही' हा शब्द लिहिणं किती कष्टाचं आहे.

माझ्या मावशीचं सासर प्रवरेच्या काठी, उसाच्या मुलखात. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५०च्या सुमारास उभ्या केलेल्या सहकारी कारखान्याच्या परिसरातलं गाव. सुट्टीत तिथं जायचे तेव्हा काकांच्या बोलण्यात दर चार वाक्यांनंतर 'कारखाना' यायचा. ऊस कारखान्यावर जायचा, वजन तिथं व्हायचं, बिल तिथून यायचं, आणि बिल येण्याआधीच भागभांडवल, ठेवी, शिक्षणसंस्था, दवाखाना यांच्या नावानं कपात झालेली असायची. काकांनी कधी कुणाला वर्गणी दिल्याचं मला आठवत नाही, कारण कुणी मागतच नसे. वार्षिक सभा, मतदार यादी, संचालक मंडळ, त्यातून जिल्हा बँक, त्यातून आमदारकी. मुंबईत राज्य साखर संघ, दिल्लीत सहकारी कारखान्यांचा राष्ट्रीय महासंघ, खासगी कारखान्यांची 'इस्मा' वेगळी. त्या सगळ्या साखळीचं एक टोक माझ्या काकांच्या उसाच्या बिलाला बांधलेलं होतं.

म्हणून उसाला १९६६चा नियंत्रण आदेश आहे, २००९पासून एफआरपी म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर आहे, ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचं कायदेशीर बंधन आहे. ते नेहमी पाळलं जातं असं नाही, पण ते बंधन दाखवून राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेला ऊस परिषद भरवता येते आणि साखर आयुक्तांकडे दाद मागता येते. साखरेचे दर कोसळले तेव्हा केंद्रानं जून २०१८मध्ये साखरेला किलोमागे २९ रुपयांचा किमान विक्री दर ठरवला आणि फेब्रुवारी २०१९मध्ये तो ३१ केला. वर इथेनॉल आहेच. कांद्याला यातलं काहीही नाही. हमीभावाच्या यादीत कांदा नाही. आमच्याकडे भाव पडला की सरकार फार तर अनुदान देतं, आणि भाव चढला की बाहेरचा रस्ता बंद करतं.

मॅन्कर ओल्सन नावाच्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं १९६५मध्ये यावर एक पुस्तक लिहिलं. लाखो लोकांचं हित एक असलं म्हणून ते आपोआप एकत्र येत नाहीत, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा लढेल आणि फायदा मलाही मिळेलच. मूठभर मोठे लोक मात्र पटकन एकत्र येतात. मोठ्या समूहाला टिकायचं तर सभासदाला वेगळं काहीतरी द्यावं लागतं किंवा वर्गणी आपोआप वसूल व्हावी लागते. एका प्राध्यापकांनी हे मला समजावून सांगितलं तेव्हा मावशीच्या घरातल्या उसाच्या बिलांची फाईल डोळ्यांसमोर उभी राहिली. कारखान्यात मूठभर पुढारी, सभासदाचा फायदा आणि आपोआप वसुली या तिन्ही गोष्टी एका फाटकाच्या आत होत्या. कांद्याला तसं फाटकच नाही. आमची माणसं एकमेकांना भेटतात ती लिलावाच्या रांगेत, तीही एकमेकांच्या मालाकडे बघत.

तरीही एकदा कांदावाले एकत्र आले होते, हे मी नव्या मुलांना आवर्जून सांगते. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून आले, चाकणजवळ आंबेठाणला जमीन घेतली आणि कांद्याच्या भावावरून चाकणच्या बाजारात आंदोलन उभं केलं. १९८०च्या नोव्हेंबरात ते लोण नाशिक जिल्ह्यात आलं, ऊस आणि कांदा दोन्ही घेऊन. रस्ते अडले, रेल्वे अडली, तुरुंग भरले. वडील तेव्हा तरुण होते आणि त्यांच्या पिढीला अजून 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणताना अंगात वारं येतं. जोशींनी फार विचारपूर्वक एकच मागणी धरली होती, शेतीमालाला रास्त भाव. जात, पक्ष, छोटा-मोठा, लाल-उन्हाळ, सगळं त्या एका मागणीखाली आलं. सरकार शेतकऱ्याला देतं त्यापेक्षा भाव पाडून जास्त काढून घेतं, हा 'उणे सबसिडी'चा हिशेब त्यांनी गावागावात शिबिरं घेऊन शिकवला. ज्याला फाटक नव्हतं त्या समूहाला त्यांनी हिशेबानं बांधलं. पुढे संघटना फुटत गेली, कुणी पक्षात गेलं, कुणी वेगळी चूल मांडली. पण आजही कुठलाही कांदा नेता बोलायला लागला की पहिली दोन वाक्यं त्या शिबिरातली असतात.

आता दिल्लीकडे. आमच्या लोकांना वर्षानुवर्षं वाटायचं, शेतकऱ्याचा प्रश्न म्हणजे कृषी मंत्र्यांचा प्रश्न. निवेदनाच्या वरच्या कोपऱ्यात 'मा. कृषिमंत्री, भारत सरकार' हे ठरलेलं. खरं तर कृषी मंत्रालयाच्या हातात लागवड आणि उत्पादनाचे अंदाज आहेत. निर्यातबंदी, किमान निर्यात मूल्य याच्या अधिसूचना निघतात वाणिज्य मंत्रालयाच्या विदेश व्यापार महासंचालनालयातून. निर्यात शुल्क लावतं अर्थ मंत्रालय. आणि या सगळ्याला कारण पुरवतो तो ग्राहक व्यवहार विभाग. देशभरातल्या शेकडो केंद्रांवरून कांद्याचा किरकोळ दर रोज तिथं पोहोचतो, भाव स्थिरीकरण निधीही त्यांच्याकडे, बफर साठाही त्यांच्याच सांगण्यावरून नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था खरेदी करतात. हा विभाग वर्षानुवर्षं कृषी भवनातच बसत आला. पाटीवर 'कृषी' असलेल्या त्याच इमारतीत शेतकऱ्याच्या भावाकडे 'महागाई' म्हणून पाहणारी खोली राहिली आहे, आणि जास्त वजन त्या खोलीचं आहे.

ग्राहकांची संघटना आमच्यापेक्षा मोठी आहे म्हणून हे होतं का? मुळीच नाही. दिल्लीच्या गृहिणी कांद्यासाठी कार्यालय काढून बसलेल्या नाहीत. पण १९८०च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी कांद्याच्या भावावर प्रचार केला, १९९८मध्ये दिल्लीत कांदा कडाडला आणि त्याच नोव्हेंबरात तिथलं भाजपचं सरकार गेलं. प्रत्येक पक्षाच्या मनात ही भीती घर करून बसली आहे. त्यात २०१६पासून रिझर्व्ह बँकेवर महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी आली. महागाई निर्देशांकात कांद्याचा वाटा एक टक्काही नाही, पण कांदा दुप्पट-तिप्पट झाला की निर्देशांक हलतो आणि मथळे येतात. शहरी ग्राहकाला निवेदन द्यावंच लागत नाही, त्याच्या वतीनं आकडा रोज सकाळी सरकारच्या टेबलावर येतो. ज्या हिताची मोजणी सरकार स्वतः करतं त्याला संघटनेची गरज उरत नाही. आमच्या उत्पादन खर्चाची अशी रोजची मोजणी कुणी करत नाही. हे उमगल्यावर माझ्या कामाची दिशा बदलली.

पूर्वीच्या निवेदनांची भाषा ठरलेली होती, 'शेतकरी देशोधडीला लागला आहे', 'तीव्र आंदोलन छेडण्यात येईल'. ती भाषा खोटी नव्हती, पण वाचणाऱ्या अधिकाऱ्याला तिचं पुढे काही करता येत नसे. एकदा दिल्लीतल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी आमच्या शिष्टमंडळाला शांतपणे विचारलं, "चाळीतला कांदा ऑक्टोबरला विकला तर शेतकऱ्याला तो किलोला किती रुपयांना पडतो? घट धरून सांगा." आमच्यातल्या चार जणांनी चार उत्तरं दिली. अधिकारी उद्धट नव्हते. त्यांना फाईलवर लिहायला एक ओळ हवी होती आणि ती आमच्याकडे नव्हती. परतीच्या गाडीत मी वहीत रकाने आखले. उळे, रोप, लागवडीची मजुरी, खत, फवारणी, पाण्याची वीज, काढणी, कापणी, चाळीत भरणं, घट, सड, वाहतूक, हमाली-तोलाई. गावोगाव काही शेतकरी निवडून त्यांच्याकडून हे तक्ते आम्ही दर हंगामाला भरून घेऊ लागलो. साठवणुकीत रब्बी कांद्याचं वजन तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त कमी होऊ शकतं. जूनचा भाव आणि ऑक्टोबरचा भाव यांची तुलना करणारा माणूस हे विसरतो आणि शेतकऱ्यानं नफेखोरी केली असं म्हणतो. एका खासदारांच्या स्वीय सहायकांनी मला नंतर सांगितलं, की आमच्या तक्त्याचा त्यांना प्रश्न तयार करताना उपयोग झाला. मोर्चाच्या फोटोपेक्षा मला त्याचं जास्त समाधान वाटलं.

२०१९ आणि २०२० ही वर्षं मी या नजरेनं पाहिली. २९ सप्टेंबर २०१९ला निर्यातबंदी आली आणि घाऊक व्यापाऱ्याला ५०० क्विंटलची साठा मर्यादा लागली. पुढच्या वर्षी जूनमध्ये केंद्रानं अध्यादेश काढून कांदा जीवनावश्यक वस्तूंच्या नेहमीच्या नियंत्रणातून काढला. आमच्यातल्या अनेकांनी त्याचं स्वागत केलं, ती तर जोशींची जुनी मागणी होती. १४ सप्टेंबर २०२०ला पुन्हा निर्यातबंदी आली आणि दुसऱ्याच दिवशी लोकसभेनं नियंत्रण सैल करणारं तेच विधेयक मंजूर केलं. ऑक्टोबरात, त्या नव्या कायद्यात ठेवलेल्या अपवादाचा आधार घेऊन, साठा मर्यादाही परत आली. दोन्ही कागद एका सरकारचे, पण त्यांच्या मागचे रेटे वेगळे होते. एकामागे अर्थतज्ज्ञ, मोठे खरेदीदार आणि सुधारणेची भाषा. दुसऱ्यामागे बिहारच्या निवडणुकीचा हंगाम आणि शहरातला किरकोळ दर. कागदावरचं स्वातंत्र्य पहिल्याच भाववाढीत संपलं, आणि तेव्हापासून मी कुठल्याही घोषणेत आधी अपवादाचं कलम शोधते.

२०२३ सुरू झालं ते पडलेल्या भावानं. फेब्रुवारीत लाल कांदा क्विंटलला चारपाचशे रुपयांवर आला होता. सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून शेतकऱ्याच्या हातात २ रुपयांचा चेक पडला, ही बातमी देशभर गेली. मार्चमध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून मुंबईकडे पायी निघाला. राज्य सरकारनं आधी क्विंटलला ३०० आणि मग ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या मालाला, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलपर्यंत. पायी चाललेल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या फोड आलेल्या पावलांचा या वाढीत वाटा होता, हे मी मोकळेपणानं लिहिते. त्यांची संघटना वेगळी, झेंडा वेगळा, पण त्यांच्याजवळ शिस्त होती आणि दर वेळी कुठं थांबायचं याचं भान होतं.

घोषणेनंतरचं काम मात्र कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. शासन निर्णयात सात-बारावर ई-पीक पाहणीची नोंद हवी अशी अट होती. आमच्याकडे कित्येकांनी मोबाईलवरची ती नोंद केलेलीच नव्हती. कुणाकडे तसा फोन नव्हता, कुणाच्या रानात रेंज नव्हती, कुणी भावाची जमीन कसत होता. नुसतं 'अट रद्द करा' म्हटलं असतं तर वित्त विभागानं विचारलं असतं, मग खरा उत्पादक कोण हे कसं ठरवायचं? म्हणून आम्ही पर्याय लिहून दिला, बाजार समितीची पावती आणि गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांनी पाहणी करून दिलेला दाखला. अशीच मागणी जिल्ह्यातून अनेकांनी केली होती, आमदारांनीही केली. अट सैल झाली. श्रेय कुणाचं हे कुणी सांगू शकणार नाही आणि त्याची गरजही नाही. पण मागणीसोबत अंमलाची रीत दिली की अधिकाऱ्याला 'हो' म्हणणं सोपं जातं, हे मी तिथं पक्कं शिकले.

मग ऑगस्ट. १९ तारखेला ४० टक्के निर्यात शुल्क आलं. चाळीतल्या उन्हाळ कांद्यावर तो थेट घाव होता. आम्ही निवेदन लिहीपर्यंत व्यापाऱ्यांनी लिलाव बंद केले होते. त्यांची संख्या आमच्या हजाराव्या हिश्श्याइतकीही नसेल, पण एका बैठकीत ठराव होतो आणि दुसऱ्या दिवशी आशियातली सर्वांत मोठी म्हणवणारी कांदा बाजारपेठ थांबते. तीन दिवसांच्या आत केंद्रानं नाफेड आणि एनसीसीएफमार्फत २ लाख टन जादा कांदा क्विंटलला २४१० रुपयांनी घेण्याची घोषणा केली. सप्टेंबरात व्यापाऱ्यांनी पुन्हा बंद पुकारला, या वेळी बाजार शुल्क अर्ध्यावर आणा ही त्यांची स्वतःची मागणीही यादीत होती. निर्यात शुल्कापुरते आम्ही आणि ते एका बाजूला. बाजार शुल्कात, नाफेडच्या खरेदीत, आडतीत आम्ही समोरासमोर. बंदच्या काळात माल सडतो तो शेतकऱ्याचा. आमच्या नावानं बाजार बंद होतो, पण तो उघडायचा केव्हा हे आम्हाला कुणी विचारत नाही, ही बोच मला अजून आहे.

बाजाराच्या आवारात सर्वांत घट्ट बांधलेला गट मात्र व्यापारीही नव्हे, हमाल-माथाडी आहेत. १९६९च्या माथाडी कायद्यानं त्यांना मंडळ दिलं, मजुरीवर लेव्ही दिली, नोंदणी दिली. लेव्ही कुणी भरायची यावरून वाद झाला की लिलाव थांबतात. शेतकरी चिडतो. मी चिडत नाही. डोक्यावर ओझं वाहणाऱ्या माणसांनी हे पन्नास-पंचावन्न वर्षं टिकवलं, यातून आम्ही शिकायचं सोडून त्यांच्यावर राग धरणं मला पटत नाही.

८ डिसेंबर २०२३ला निर्यात पूर्ण बंद झाली. लाल कांदा ऐन भरात होता. बांगलादेश, मलेशिया, आखातातले खरेदीदार दुसरीकडे वळू लागले. हिवाळाभर आम्ही पत्रं पाठवली, आणि ती कुठं गेली हे कळलं नाही. खरी ठिणगी पडली ती २५ एप्रिल २०२४ला, जेव्हा गुजरातच्या २००० टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली. आकडा किरकोळ होता. पण चार महिन्यांत न जमलेला लालवाला आणि उन्हाळवाला एका संध्याकाळी एकत्र आला. मला फोन करणाऱ्यांत पहिल्यांदाच ज्यांच्याकडे विकायला कांदा शिल्लक नव्हता असे शेतकरी होते. नुकसानीनं जे झालं नाही ते भेदभावाच्या भावनेनं झालं. दोनच दिवसांत केंद्रानं सहा देशांना मिळून ९९,१५० टनांची परवानगी असल्याचं पत्रक काढलं. ४ मेला बंदी उठली, ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान २० मेला होतं. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार हरल्या, भास्कर भगरे निवडून आले. १३ सप्टेंबरला, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, किमान निर्यात मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. ऑक्टोबरात १६०० टन कांदा घेऊन 'कांदा एक्स्प्रेस' दिल्लीला निघाली, तिथल्या दिवाळीसाठी. उरलेलं शुल्क १ एप्रिल २०२५ला संपलं, तेव्हा उन्हाळ कांदा बाजारात यायला लागला होता आणि भाव उतरत होते.

कार्यकर्ते म्हणतात, मतपेटीनं झुकवलं. बरंचसं खरं आहे. पण मतपेटी फक्त 'नाराज आहोत' एवढंच सांगते. शुल्क किती, मूल्य किती, कुठल्या महिन्यापासून, हे तिच्यात लिहिता येत नाही. दार उघडतं ते थोड्या दिवसांसाठी, आणि त्या दिवसांत ज्याचा कागद तयार असतो त्याचीच वाक्यं पुढे सरकतात. म्हणून भाव चांगला असतानाही मी तक्ते भरून घेते, आणि लोक म्हणतात, ताई, आत्ता कशाला.

या धोरणांमधून आणखी एक गोष्ट उगवताना पाहिली. बफर खरेदी शेतकरी कंपन्या आणि महासंघांमार्फत होऊ लागली तशा त्या खरेदीवर जगणाऱ्या संस्था तयार झाल्या. काही खऱ्या शेतकऱ्यांच्या, काही केवळ कागदावरच्या. त्यांच्या दृष्टीनं बफर चालू राहणं हेच हित. आमच्या बैठकीत 'नाफेडनं बाजारात उतरून लिलावात बोली लावावी' असा ठराव आला की विरोध आता आतूनच होतो. आधी समूह बनतो आणि मग तो धोरण मागतो, एवढंच मी समजत होते. धोरणही स्वतःचा समूह जन्माला घालतं आणि तो समूह त्या धोरणाची राखण करतो.

सध्या आमच्यात वाद चालू आहे तो माझ्या तक्त्यातल्या मजुरीच्या रकान्यावरून. लागवड, काढणी, कापणी हे काम जवळपास सगळं बायका करतात, टोळ्यांनी, सुरगाण्या-पेठकडून आलेल्या किंवा गावातल्याच. त्यांची कुठलीही संघटना नाही. लागवडीच्या दिवसांत मजुरी थोडी वाढते ती फक्त टोळी मिळत नाही म्हणून. दिल्लीला पाठवायच्या तक्त्यात मजुरी जास्तीत जास्त दिसावी असं आमच्या लोकांना वाटतं, म्हणजे उत्पादन खर्च वाढतो. आणि गावात टोळीशी ठरवताना तोच माणूस परवडत नाही म्हणतो. गेल्या बैठकीत मी सांगितलं की रकान्यात प्रत्यक्ष दिलेलीच मजुरी लिहिली जाईल आणि तिच्यासमोर टोळीतल्या एका बाईची सही किंवा अंगठा असेल. देवळ्याचे आप्पा, आमच्यातले सर्वांत जुने, १९८०ला तुरुंगात गेलेले, म्हणाले, "पोरी, तू आपल्याच विरोधात पुरावा गोळा करतेस." मी म्हटलं, "आप्पा, तुम्हीच शिकवलंत, कष्टाचा हिशेब पूर्ण मांडायचा. त्यांचे कष्ट वगळून आपला हिशेब पूर्ण कसा होईल?" काही जण माझ्या बाजूनं बोलले, काही उठून गेले. ठराव पुढच्या बैठकीवर गेला आहे. ती रांगड्याची लागवड उरकल्यावर होईल, आणि नव्या रकान्याचे तक्ते मी तोवर तीन गावांतून भरून आणणार आहे.